ड्राइव्ह आला, म्हणून उस्तादाने हात आखडू नये

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील स्टील रोलिंग मिल असो, बियाणे प्रक्रियेचा कारखाना असो की डाळ मिल, सर्वांचा भार वाहते ती इंडक्शन मोटर. ही मोटर जळाली की ती पुन्हा भरून देणे, म्हणजे रिवाइंडिंग, यावर आपल्यातील अनेक कारागिरांची रोजी चालते. आता लाइन आणि मोटर यांच्यामध्ये ड्राइव्ह नावाची पेटी बसू लागली आहे. “हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे काम, आपले नव्हे,” असे म्हणून आपले कारागीर बाजूला राहिले तर धंदा हातचा जाईल. आमच्या मते हा समजच चुकीचा आहे.

सरळ लाइनवर चार पोलची मोटर 50 हर्ट्झला मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते आणि चालू होताना सहा-सात पट करंट खेचते. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी व व्होल्टेज बदलून वेग आपल्या ताब्यात देतो. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडलेल्या व्हेक्टर पद्धतीत तर करंटचे दोन हिस्से धरले जातात. एक मोटरचे चुंबकत्व राखतो, दुसरा टॉर्क म्हणजे ओढ देतो. तापलेला बिलेट रोलमध्ये शिरताच भार एकदम वाढतो, तेव्हा असा ड्राइव्ह तत्काळ ओढ वाढवतो.

पण हा सारा हिशेब मोटरच्या अंगच्या गुणांवर बेतलेला असतो. वायरचा गेज किंवा टर्न बदलले की हिशेब चुकतो, मोटर कमी वेगात ओढत नाही, ड्राइव्ह ट्रिप होतो. म्हणून रिवाइंडिंगनंतर ऑटो-ट्यूनिंग पुन्हा करावे लागते. मोटरमध्ये काय बदलले, हे भरणाऱ्या उस्तादाशिवाय कोणाला ठाऊक? ड्राइव्हच्या वेगवान पल्समुळे इन्सुलेशनवर जादा ताण येतो, तेव्हा वायर त्या दर्जाचीच हवी. कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो व ती तापते. हे सांगणारा माणूस कारागीरच.

मालकांनीही ऐकीव गोष्टींवर पैसे घालू नयेत. ब्लोअर आणि सेंट्रिफ्यूगल पंप यांचा वेग 80 टक्के केला तर वीज जवळजवळ निम्मी लागते. मात्र दिवसभर पूर्ण वेगात, पूर्ण भारावर चालणाऱ्या चक्कीवर ड्राइव्ह लावून बिल कमी होणार नाही. उलट ड्राइव्ह स्वतः थोडी वीज खातो. भार ओळखूनच खरेदी करावी आणि ड्राइव्ह बसवताना आपल्या रिवाइंडरला जवळ बोलवावे.

तरुण कारागिरांनी हाताच्या हुनरला वाचनाची जोड द्यावी. ड्राइव्हचे मॅन्युअल वाचावे, आयटीआयमधील इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम कमी लेखू नये. दोन गोष्टी तर आजच गाठीला बांधाव्यात. मोटरला मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्हच्या वायरी सोडवाव्यात, नाहीतर ड्राइव्ह जळेल. लाइन बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे घातक व्होल्टेज राहते. कंपनीने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने तपासूनच हात घालावा.

मोटरची नस आपल्या कारागिरांना ठाऊक आहेच. पेटीची भाषा तेवढी शिकून घेतली, तर हे नवे कामही त्यांच्याच दुकानात येईल.