रबरी कड्याची साक्ष

डोंगरवाटांवर सायकल चालविण्याचा जो नाद आपल्याकडील तरुणांत, आणि तारुण्य ओसरूनही ज्यांच्या पायांतली भिंगरी थांबलेली नाही अशा प्रौढांतही, हळूहळू रुजू लागला आहे, त्याचे मनःपूर्वक स्वागत करूनच मला आज एका प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पुढे व मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, १६० ते १७० मिलिमीटर ट्रॅव्हलची जी भरभक्कम सायकल दुकानात पाहताक्षणीच मनात भरते, ती आपल्या नित्याच्या वाटेला खरोखर आवश्यक आहे काय, आणि त्याचा निवाडा गिऱ्हाइकाने कोणत्या पुराव्यावर करावा, हा तो प्रश्न होय. या खरेदीत कित्येक लाख रुपये गुंतत असल्यामुळे आणि एकदा घेतलेली सायकल पुढची पाच-सात वर्षे सोबत करणार असल्यामुळे हा प्रश्न क्षुल्लक नाही.

वाटेवरचा धोंडा आडवा आला असता फ्रेम न उचलता चाक एकट्यानेच जेवढे वर सरकू शकते, त्या सरकण्याचे माप म्हणजे ट्रॅव्हल. कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर, १९७६ च्या ऑक्टोबरात ज्या शर्यतींना आरंभ झाला, त्यांतील जुन्या, जाड टायरांच्या सायकलींना हे सुख ठाऊकच नव्हते. सुमारे २ मैलांत १,३०० फूट उतरताना त्यांचा उलट्या पेडलने लागणारा ब्रेक इतका तापे की हबमधील ग्रीस जळून जाई, आणि ते पुन्हा भरावे लागे म्हणून त्या वाटेचेच नाव ‘रीपॅक’ असे पडले. पुढे १९८९ च्या सुमारास पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कारखान्याने आरएस-१ हा पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्क आणला, तेव्हा त्याचा ट्रॅव्हल होता अवघा ४८ मिलिमीटर. आज मागे १६० मिलिमीटर ट्रॅव्हल असलेल्या सायकलीवर स्वार नुसता बसला, आणि मागचा शॉक प्रघाताप्रमाणे ३० टक्के दबला, तर चाक तेवढेच, म्हणजे ४८ मिलिमीटर, वर सरकते. वाहन हलण्यापूर्वीच पहिल्या फोर्कची सारी पुंजी खर्ची पडावी, एवढा पल्ला या विद्येने पन्नास वर्षांच्या आत गाठला आहे.

आजच्या वर्गवारीत शर्यतीच्या क्रॉस-कंट्री सायकलीला सामान्यतः १०० ते १२०, ट्रेल सायकलीला १२० ते १५०, एन्ड्युरोला १५० ते १८० आणि केवळ उतारासाठी घडविलेल्या डाउनहिल सायकलीला २०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल असतो. आपला वाद आहे तो मधल्या दोन वर्गांच्या सरहद्दीवरचा.

लांब ट्रॅव्हलच्या बाजूने जे बोलले जाते, ते प्रथम निःपक्षपातीपणे रुजू करून घेतले पाहिजे. अशी सायकल चढावर ओझे होते, हा जुना आक्षेप आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. कारण सीटच्या नळीचा कोन आता ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभा झाल्यामुळे स्वाराचे वजन चढावरही दोन्ही चाकांच्या मध्ये राहते आणि पुढचे चाक उठत नाही. तसेच पुढच्या फोर्कचा कोन ६३-६४ अंशांपर्यंत कलता केल्यामुळे चाक स्वाराच्या पुष्कळ पुढे धावते, आणि तीव्र उतारावर तोंडघशी पडण्याचे भय कमी होते. चुकलेला अंदाज ही सायकल पदरात घेते, थकलेल्या मनगटांना विसावा देते, आणि जेथे मैल मैल खडकाळ उतार आहे तेथे तिच्यासारखी सोबतीण नाही, हे मला संपूर्णपणे मान्य आहे.

परंतु जो गुण उतारावर उपयोगी पडतो, त्याची जकात इतरत्र वसूल होते. १५-१६ किलोंचे वजन प्रत्येक चढावर पायांनी उचलावे लागते. कलता फोर्क सपाट आणि संथ वळणांवर भरकटतो. आणि उड्या, वळणे, छोटे चढउतार यांनी भरलेल्या वाटेवर पेडलमध्ये ओतलेला जोर मऊ शॉकमध्ये जिरून जातो. माझी स्वतःची दोन तासांची फेरी मी पुष्कळदा मोजून पाहिली आहे: दीड तास चढण्यात जातो, उतार वीस मिनिटांत संपतो, आणि उरलेली दहा मिनिटे पाणी पिण्यात व डोंगर पाहण्यात जातात. त्या वीस मिनिटांसाठी दीड तासाने किती सोसावे, याचा जमाखर्च ज्याचा त्याने मांडावयाचा आहे. याहूनही गंभीर गोष्ट शिकण्याची आहे. जो नवशिक्या पहिल्याच वर्षी १७० मिलिमीटरवर स्वार होतो, त्याला वाट वाचण्याची, म्हणजे धोंड्यांतून रेषा निवडण्याची, शरीर सैल ठेवण्याची आणि योग्य क्षणी ब्रेक सोडण्याची सवय जडत नाही. त्याचा वेग मात्र वाढतो, आणि वाढलेल्या वेगातील पतन अधिक कठोर असते.

आपली भूमी कोणती, हेही येथे विचारले पाहिजे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर चढून बनलेला, पायऱ्यापायऱ्यांचा पर्वत. त्याच्या अंगावरच्या वाटांत मुरूम आहे, सुट्टे गोटे आहेत, काळ्या कातळाच्या गुडघाभर पायऱ्या आहेत, आणि मध्ये मध्ये लांबच लांब सपाट पठारेही आहेत. घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरणाऱ्या एखाद्या उग्र वाटेचा ध्यास ज्याने घेतला आहे, त्याला १६० मिलिमीटर जास्त म्हणता येणार नाही. पण शहरालगतची टेकडी, धरणाकाठची पायवाट आणि रविवारची गावकुसाबाहेरची फेरी, एवढ्यातच ज्याचे बहुतेक वर्ष जाते, त्याला १३० ते १४० मिलिमीटरची चांगली ट्रेल सायकल अधिक आनंद देईल, असे माझे ठाम मत आहे.

हे मत केवळ तर्कावर उभे नाही. शॉकच्या आणि फोर्कच्या दांड्यावर एक रबरी कडे असते. दांडा जेवढा दबेल तेवढे ते सरकते आणि तेथेच थांबून राहते. माझ्या परिचयातील एका तरुण अभियंत्याने, ‘ट्रॅव्हल जितका अधिक तितकी सुरक्षितता अधिक’ हा एका दुकानातील उपदेश प्रमाण मानून, १७० मिलिमीटरची सायकल घेतली. आम्ही दोघांनी हवेचा दाब त्याच्या वजनाप्रमाणे नीट जुळवून घेतला, कारण दाब अधिक असेल तर कडे खोटी साक्ष देते, आणि त्याच्या नेहमीच्या टेकडीवर सलग चार रविवार फेऱ्या केल्या. फोर्कवरचे कडे एकदाही ११० मिलिमीटरच्या पुढे गेले नाही. योग्य जुळणी केलेल्या सायकलीचा सर्वांत कठीण धक्क्याला जवळजवळ सारा ट्रॅव्हल खर्ची पडला पाहिजे. येथे साठ मिलिमीटर वर्षभर बिनकामाचे चढावर वाहून नेले जात होते. कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला त्या कड्याचा पंचनामा अधिक विश्वसनीय वाटतो.

ट्रॅव्हलच्या आकड्यावर खिळलेली नजर ज्या गोष्टींवरून घसरते, त्या खरे पाहता अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे माप: फ्रेम स्वाराच्या अंगाला बसली नाही, तर उत्तमोत्तम शॉकही व्यर्थ. दुसरी टायर: २.४ ते २.५ इंची, जाड कडांचे, ट्यूबलेस टायर योग्य दाबावर चालविले तर मुरमावर जी पकड मिळते, ती वीस मिलिमीटर जादा ट्रॅव्हल देऊ शकत नाही. तिसरी ब्रेक: लांब उतारावर चार पिस्टनांचे ब्रेक आणि मोठी, २०० मिलिमीटरची डिस्क हाच खरा जामीन. चौथी, धक्क्याचा वेग आवरणारी शॉकच्या आतील तेलाची यंत्रणा. ती हलकी असेल तर लांब ट्रॅव्हलचे चाक बोकडासारखे उसळते, आणि ती फार आखडती ठेवली तर लागोपाठच्या धोंड्यांवर शॉक दबलेलाच राहून ऐन वेळी दगा देतो. सामान्य यंत्रणेच्या १६० मिलिमीटरपेक्षा उत्तम यंत्रणेचे १४० मिलिमीटर केव्हाही श्रेयस्कर.

आणि शेवटी देखभाल. फोर्कच्या खालच्या नळ्या साधारणपणे दर ५० तासांच्या वापरानंतर उघडून, पुसून, त्यांत नवे तेल भरावे, असा कारखानदारांचा दंडक असतो. मागच्या सांध्यांतील बेअरिंगे आपल्या पावसाळी चिखलात वर्षभरातही कुरकुरू लागतात. हे काम आपल्या गावात कोण करील, सील आणि बेअरिंगे किती दिवसांत मिळतील, याची चौकशी पैसे मोजण्यापूर्वी करावी, कारण दुरुस्तीअभावी भिंतीशी टेकून राहिलेल्या सायकलीचा ट्रॅव्हल शून्य असतो.

म्हणून ज्यांच्या मनात ही खरेदी घोळते आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मित्राची म्हणा, भाड्याची म्हणा, दोन्ही वर्गांतली एकेक सायकल मिळवा. हवा आपल्या वजनाप्रमाणे भरा. आणि दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर न फिरता, ज्या वाटेवर तुम्ही वर्षातून पन्नास वेळा जाणार आहात त्याच वाटेवर त्या दोघींना न्या. उतार संपला की खाली उतरा आणि मोठ्या सायकलीवरचे रबरी कडे कोठे थांबले आहे ते पाहा. ते अगदी टोकाला जाऊन भिडले असेल, तर निःशंक मनाने मोठी सायकल घ्या. मध्यावरच थांबले असेल, तर लहान सायकल घ्या, आणि वाचलेले पैसे टायर, ब्रेक व देखभालीसाठी राखून ठेवा.