संथ इंग्रजीची बाजू

सावकाश बोललेले इंग्रजी ऐकून इंग्रजी शिकावे असे कुणी सुचवले की पहिला टोला ठरलेला असतो : ‘बाहेर कोण एवढं हळू बोलतं?’ टोला मारणारा बहुधा ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाला असतो, नाहीतर त्याच्याकडे फी भरून बसलेला. पुढचे आक्षेपही ओळखीचे आहेत. हळू ऐकायची सवय लागली की सुटत नाही. विषय तरी कसले, तर बाजारहाट, स्वयंपाक, पाऊसपाणी. बाप्या माणसाने हे बालवाडीचे धडे का गिरवावेत? त्यापेक्षा हॉलिवूडचा सिनेमा लावून ठेवावा, कळो न कळो, कान आपोआप तयार होतो.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तोच सर्वांत फसवा आहे. कान आपोआप तयार होत नाही. चाळीत शेजारच्या तेलुगू बिऱ्हाडाचे बोलणे वीस वर्षे भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या गृहस्थाला तेलुगू येत नाही. त्याच्या पोराला मात्र येते, कारण तो त्या घरच्या मुलांशी खेळतो आणि ‘चेंडू टाक’ म्हटले जाते तेव्हा चेंडू समोर असतो. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हेच सिद्धान्ताच्या रूपात मांडले : आपल्याला येते त्याच्या जरासे पुढचे, पण अर्थ लागेल असे कानावर पडले की भाषा मुरते. एवढ्यानेच सगळे होते, हा त्याचा पुढचा दावा मला पटत नाही. बोलल्याशिवाय जीभ वळत नाही. पण ज्याचा अर्थच लागत नाही ते ऐकणे म्हणजे पंख्याची घरघर ऐकणे, हे कसे नाकारणार?

रेडिओवर क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकत वाढलेली पिढी आठवा. ज्यांना इंग्रजीत अर्ज लिहिता येत नव्हता, ते ट्रान्झिस्टर कानाला लावून ‘आउटसाइड द ऑफ स्टंप’ म्हणजे काय झाले ते बिनचूक सांगत. समालोचक काही त्यांच्यासाठी हळू बोलत नव्हता. पण खेळ ओळखीचा होता, तीच ती वाक्ये पुन्हा पुन्हा येत आणि दोन चेंडूंच्या मध्ये ऐकलेले डोक्यात बसायला उसंत मिळे. संथ ऐकण्याचे मर्म इथेच आहे. ओळखीचा विषय, मोजके शब्द आणि वाक्यांमधली उसंत यांवर ते चालते. शब्द च्युइंगमसारखे ताणण्याशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच बालवाडीचा आक्षेपही टिकत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९च्या ऑक्टोबरमध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचे रेडिओ-प्रसारण सुरू केले. सुमारे दीड हजार शब्दांची मर्यादा, आखूड वाक्ये, एका वाक्यात एकच मुद्दा आणि नेहमीच्या साधारण दोन तृतीयांश गतीचे वाचन असा तो बेत होता. एवढ्या शिदोरीवर जगाच्या बातम्या, विज्ञान, अमेरिकेचा इतिहास, रूपांतरित कथा असे सारे काही प्रसारित झाले. भाषा सोपी ठेवली म्हणून विचार पोरकट होत नाही. उलट ज्यांना अवघड शब्दांच्या आड लपायची सवय आहे, त्यांनी त्याच दीड हजार शब्दांत एक बातमी लिहून दाखवावी.

आपल्याकडच्या शिकणाऱ्याला या पद्धतीची गरज जास्तच आहे. आपले इंग्रजी डोळ्यांतून आलेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या. त्यांनी इंग्रजी लिहिले, वाचले, कचेऱ्या चालवल्या. २०००पासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, तरी बहुतेक वर्गांत ते फळ्यावरच राहिले. परिणाम असा की ‘कम्फर्टेबल’ हा शब्द माहीत असतो, पण समोरचा ‘कम्फ्टबल’ म्हणून मोकळा होतो आणि आपण तो शब्द शोधत राहतो. ‘डिड यू’चे ‘डिज्यू’ होते. आपल्याला शब्द येत नाहीत असे वाटून माणूस पुन्हा शब्दकोश पाठ करायला बसतो. वास्तविक शब्द घरातच असतात. कानाची आणि त्यांची गाठ पडलेली नसते. ती गाठ घालून द्यायला जरा उसंतीने बोललेले, सोबत लिखित मजकूर असलेले ध्वनिमुद्रण लागते.

इथे स्वपक्षालाही चार शब्द सुनावणे भाग आहे. संथ इंग्रजीचे समर्थक शास्त्रीय संगीताचा दाखला देतात : आधी विलंबित, मग द्रुत. ऐकायला छान, पण इंग्रजीला लागू नाही. द्रुत लयीत स्वर गळत नाहीत. भरभर बोललेल्या इंग्रजीत ध्वनी गळतात, बुजतात, एकमेकांत मिसळतात. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ घ्या. बोलण्याच्या ओघात होकारी ‘कॅन’चा नुसता ‘क्न’ उरतो. नकारी शब्दावर जोर राहतो, पण अमेरिकन बोलण्यात तो ‘कॅन्ट’ असतो आणि त्यातला ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही. म्हणजे आपल्याला स्पष्ट ‘कॅन’ ऐकू आले, तर समोरचा कदाचित ‘जमणार नाही’ म्हणतो आहे! जिथे प्रत्येक ‘कॅन’ ठासून उच्चारला जातो असेच ध्वनिमुद्रण कायम ऐकले, तर हा फरक कधी कळायचाच नाही. सवय सुटत नाही या आक्षेपात एवढे तथ्य आहे.

त्यावर तोडगा आहे. एकच उतारा आधी सावकाश ऐकावा, मग मजकूर डोळ्यांसमोर ठेवून, मग तोच नेहमीच्या गतीने बोललेला. तिसऱ्या वेळी काय गळाले ते कानाने टिपावे आणि वाक्य तोंडाने म्हणून पाहावे. फोनवर व्हिडिओची गती पाऊणपट करणे ही मात्र भलतीच गोष्ट. त्यात यंत्र ताणते शब्द, आणि बुजलेला ध्वनी ताणला तरी बुजलेलाच राहतो. गती तशीच ठेवून वाक्यागणिक थांबवलेले बरे.

आणखी एक आक्षेप परीक्षेचा. परदेशी शिकायला किंवा नर्सिंगच्या नोकरीला जाऊ पाहणाऱ्या मुली आयएल्ट्सला बसतात. तिथे श्रवणाच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते आणि कुणासाठी सावकाश होत नाही. खरे आहे. पण त्याच परीक्षेचा पहिला भाग काय असतो? दोन माणसांचे रोजच्या व्यवहारातले संभाषण : खोली भाड्याने घेणे, नाव नोंदवणे, पत्ता सांगणे. आणि परीक्षा पार करून ती मुलगी ज्या वॉर्डात उभी राहणार, तिथला म्हातारा रुग्ण तिला पाणी मागणार, उशी वर सरकवायला सांगणार, कुठे दुखते ते पुटपुटत सांगणार. ज्यांना हे बालवाडीचे विषय वाटतात, त्यांनी त्या वॉर्डात एक रात्रपाळी करून पाहावी.