ठिगळ विकत घ्यावे लागते तेव्हा

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतील संगणकांवर खंडणीची मागणी झळकली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने यंत्रांतील माहिती कुलूपबंद केली आणि ती सोडविण्यासाठी पैसे मागितले. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६ ट्रस्टांपैकी सुमारे ८० ट्रस्टांना त्याची झळ लागली. १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नोंदलेला आहे. याला अपघात म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला तंत्रज्ञ कर्नल म्हणतात, तो यंत्राच्या सर्व अवयवांवर सत्ता चालवितो. विंडोजमध्ये फायलींची देवाणघेवाण करणारा एक भाग याच गाभ्यात चालतो. तेथे एक मोठा आकडा लहान मापाच्या घरात लिहिला जाई. हिशेब चुके आणि बाहेरून आलेला मजकूर नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडे. एवढ्या फटीतून परक्याला गाभ्यात शिरता येई. जो गाभ्यात शिरला, त्याला अडविणारा वर कोणी उरत नाही.

ही फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होती. तिने ती बुजविण्यास सांगण्याऐवजी तिचे हत्यार केले. हत्यार चोरीस गेले. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि १४ एप्रिलला चोरांनी हत्यार चव्हाट्यावर मांडले. जनतेच्या संरक्षणाच्या नावाने पोसलेल्या संस्थेने जनतेलाच उघड्यावर ठेवावे, यापरते दुसरे विडंबन कोणते?

मात्र सरकारकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. जुन्या विंडोज एक्सपीला आधार देणे तिने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले होते. त्यानंतरच्या दुरुस्त्या वेगळा करार करून पैसे मोजणाऱ्यांनाच मिळत. ब्रिटिश सरकारने २०१४ साली वर्षभरासाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. पुढल्या वर्षी करार वाढविला नाही. एक्सपीची दुरुस्ती सर्वांना खुली झाली ती रुग्णालये बंद पडल्यावर! लस कपाटात ठेवून साथ पसरल्यावर ती वाटणाऱ्या वैद्यास आपण परोपकारी म्हणू काय?

आमचे विरोधक म्हणतील, बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती; त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने विनामूल्य उपलब्ध असताना रुग्णालयांनी ती लावली नाही. हे खरे आहे, आणि खरे ते झाकणे आपल्याला शोभणारे नाही. परंतु गाभ्याला ठिगळ लावायचे म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. तपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक त्यानंतर नीट चालेल की नाही, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी जाणती माणसे, वेळ आणि पैसा लागतो. त्याच काळात आरोग्य सेवेचा भांडवली निधी दैनंदिन खर्च भागविण्याकडे वळविला जात होता. हात कापायचे आणि वर काम झाले नाही म्हणून दरडावायचे, हा न्याय आपल्या कामगारांच्या परिचयाचा आहे.

हे परक्यांचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा दुसरा उपद्रव युक्रेनमधून निघाला. पसरण्यासाठी त्याने इतर मार्गांबरोबर हीच फट वापरली, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

मुक्त प्रणाली हाच उपाय, असे सांगणाऱ्या साथींचे म्हणणे अर्धे खरे आहे. लिनक्सच्या गाभ्यातील ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून होता. २०१६ च्या ऑक्टोबरात तो दुरुस्त झाला आणि दुरुस्ती त्याच क्षणी सर्वांची झाली. परंतु त्याच गाभ्यावर चालणाऱ्या अँड्रॉइड फोनपर्यंत ती पोहोचवायची की नाही, हे फोन विकणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. ज्ञान मुक्त झाले, वाटप मुक्त झाले नाही.

आणि धडा कोणी घेतला? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आणखी एका वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी घरगुती ग्राहकाने ३० डॉलर द्यावेत, नाहीतर आपले यंत्र कंपनीच्या खात्याशी जोडावे, अशा अटी पुढे आल्या. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथे मूल्याची अट गळाली. म्हणजे ती अट निसर्गनियम नव्हती. संघटित दबावापुढे ती वाकते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. यंत्र वापरात आहे तोवर त्याच्या गाभ्याच्या सुरक्षा दुरुस्त्या विनामूल्य देण्याचे बंधन कायद्याने विक्रेत्यावर घालावे. कोणत्याही सरकारी संस्थेने सापडलेली फट दडवून ठेवू नये. आणि सरकारी रुग्णालये, बंदरे व कचेऱ्या यांच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या देखभालीसाठी कायम कर्मचारी व स्वतंत्र तरतूद असावी. फाटलेले शिवण्याचे काम दिखाऊ नसते; त्याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. परंतु ते न झाल्याची किंमत दवाखान्याच्या दारातून परत फिरणारा रुग्ण मोजतो. त्याची बाजू मांडणे हे आपले काम आहे.