डोंगर कोणाचा?

ज्येष्ठी पौर्णिमेस शहरांतील पुष्कळ सुवासिनी हल्लीं वडाची फांदी मंडईंतून विकत आणून तिची पूजा करितात. ती फांदी कोणीं तोडिली, व ज्या झाडाची तोडिली त्याचा धनी कोण, हा प्रश्न पूजेच्या गडबडींत कोणास सुचत नाहीं. आमच्या घरींही तो कधीं सुचला नव्हता. यंदा मात्र घरांतील एका लहान मुलीनें तो विचारिला, आणि आम्हां वडील मंडळींस उत्तर देतां येईना. रानाच्या कारभाराचें सारें कोडें त्या एका प्रश्नांत आहे असें वाटल्यावरून, या महिन्यांत त्याचाच विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

इ. स. १८७८ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें देशांतील रानें राखीव व संरक्षित अशा वर्गांत विभागून आपल्या ताब्यांत घेतलीं. तोंपर्यंत डोंगर कागदोपत्रीं कोणाचाही असो, वहिवाटीनें तो गांवाचा असे. गुरें चारणें, सरपण आणणें, औतास लांकूड तोडणें, हीं सर्व कामें त्याच्याच आधारानें चालत. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथांत जंगलखात्यानें गायरानें गिळल्याबद्दल जी तक्रार केली, ती याच बदलाविषयीं होय. गांवास रान सोंपविण्याची तरतूद त्या कायद्यांत होती. पुढें १९२७ च्या कायद्यांतही ती राहिली, आणि तो कायदा आजही चालू आहे. परंतु तिचा उपयोग क्वचितच झाला. सरकारी पहाऱ्यामुळें कांहीं रानें वांचलीं, हें कबूल केलें पाहिजे. पण जेथें पहारा तोकडा पडला, तेथें डोंगर सरकारचाही राहिला नाहीं आणि गांवाचाही राहिला नाहीं. ज्या कोठीची किल्ली कोणाच्याच कमरेला नाहीं, तिच्यांतील धान्य किती दिवस पुरणार?

या दृष्टीनें अहमदनगर जिल्हा – २०२४ सालापासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे तो – फार शिकण्यासारखा आहे. १९७९ सालीं माळढोक पक्ष्याकरितां सोलापूर व नगर या जिल्ह्यांत सुमारें ८,५०० चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत कर्जत, श्रीगोंदें, नेवासें या तालुक्यांतील मुलूख होता. त्यांत लोकांचीं शेतें होतीं, वस्त्या होत्या. ज्याच्या शेतांत पक्षी उतरावयाचा, त्यास तो पक्षी म्हणजे व्यवहारांतील अडचण वाटूं लागला. पुढें क्षेत्र कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें, आणि माळढोक तर महाराष्ट्रांतून जवळजवळ दिसेनासाच झाला. हेतु उत्तम होता. परंतु ज्यांच्या भूमीवर तो साधावयाचा त्यांस त्यांत वांटा नव्हता.

आतां त्याच जिल्ह्यांतील हिवरें बाजार पाहा. नगर तालुक्यांतील हें गांव पर्जन्यछायेंतलें. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरांच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक पोटासाठीं परगांवीं गेले. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें गांव सरकारच्या आदर्श गांव योजनेंत आलें. ग्रामसभेनें कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान हे नियम स्वतःस लावून घेतले. डोंगरउतारावर समतल चर खोदले, झाडें लाविलीं, गुरें गोठ्यांत बांधिलीं. डोंगरावर गुरांस मज्जाव, परंतु विळ्यानें गवत कापून नेण्यास मोकळीक – एवढ्या एका युक्तीनें मुळें शाबूत राहिलीं, पाणी मुरलें, चारा वाढला आणि दुधाचें उत्पन्न अनेक पटींनीं वाढलें. शेतीकरितां विंधणविहिरी खोदण्यास बंदी झाली. दरसाल पाऊस व विहिरींची पातळी मोजून प्रथम पिण्याचें, मग गुरांचें आणि उरेल तें पिकांचें, असा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडला जातो. महिन्याचा पगार हातीं येतांच वाण्याचें व दुधाचें पैसे बाजूस काढून मग लुगड्याचा विचार करणाऱ्या गृहिणीस यांत नवें असें कांहींच वाटणार नाहीं!

परदेशांतही हाच अनुभव आहे. स्वित्झर्लंडांतील टोर्बेल या डोंगरी गांवानें १५१७ सालीं असा नियम केला होता कीं, हिवाळ्यांत जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसतां येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर सोडाव्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनीं अशाच गांवांच्या व्यवस्थांचा अभ्यास केला, आणि २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या सिद्धांताचें सार असें कीं, जे नियम पाळावयाचे त्यांनींच ते करावे, व ते मोडणारावर त्यांचाच डोळा असावा.

तथापि एक गोष्ट आम्ही झांकून ठेवणार नाहीं. ज्याच्या गोठ्यांत दोन म्हशी व शेतांत विहीर आहे, त्यास चराईबंदी सोसते. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, चार शेळ्या किंवा मेंढरांचा कळप एवढीच ज्याची इस्टेट, त्याचें पोट मात्र पहिल्याच दिवशीं बंदींत सांपडतें. पाणी वाढलें तरी तें विहीरवाल्याच्याच शेतांत वाढतें. जामखेड तालुक्यांतील चौंडीच्या धनगर घराण्यांत १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंचें नांव ज्या जिल्ह्यास दिलें, त्या जिल्ह्यानें तरी मेंढपाळास विसरूं नये. ग्रामसभेंत बहुमत झालें म्हणजे न्याय झाला असें नव्हे. गवताचा पहिला भारा भूमिहीनास मिळाला, मेंढरांकरितां डोंगराचा एक भाग आळीपाळीनें खुला राहिला, तरच बंदी सर्वांची होईल. नाहींतर तीही एक प्रकारची सरकारी राखणच, फक्त पहारेकरी बदलला एवढेंच.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें घराणें मूळचें गांवाकडचें, आणि पुष्कळांची जमीन आजही तेथें पडीक आहे. वर्षांतून एकदां कुलदैवतास जातांना तेथील ग्रामसभेंत डोंगराची काय व्यवस्था ठरली व त्यांत कोणाची चूल विझली, एवढी चौकशी आपण करूं शकतों. ठरलें असेल त्याप्रमाणें आपली पडीक जमीन गवतास मोकळी करणें हें तर आपल्याच हातीं आहे.

त्या मुलीस आम्हीं अखेर एवढेंच सांगितलें कीं, झाड त्याचें, जो तें राखतो आणि ज्यास राखण्याचें फळ मिळतें. पुढील वर्षीं फांदी न आणतां जवळच्या वडापर्यंत चालत जावयाचें, असें आमच्या घरीं ठरलें आहे.