नकाशात खोलीही हवी

फ्लोरोसिस औषधाने बरा होत नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असेल तर पुढे मणका आणि गुडघे ताठरतात. सरकारी रुग्णालयात आम्ही वेदनाशामक गोळ्या देतो, आहार सांगतो. वाकलेली हाडे त्याने सरळ होत नाहीत. खरा उपाय एकच, पाण्याचा स्रोत बदलणे. पण नवा स्रोत कुठे आणि किती खोल, हे जमिनीखालचे थर पाहूनच ठरवावे लागते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराईड जास्त आहे. मात्र ते सगळ्या खोलीवर सारखे नसते. एकाच गावात उथळ विहिरीचे पाणी पिण्याजोगे आणि खोल बोअरवेलचे अपायकारक असू शकते. सपाट नकाशावर ते गाव एकाच रंगात रंगवले, की नेमकी हीच माहिती पुसली जाते.

भूवैज्ञानिक म्हणूनच खडकांच्या थरांचे त्रिमितीय मॉडेल तयार करतात. केंद्रीय भूजल मंडळाचा जलधर नकाशांकन कार्यक्रमही २०१२ पासून सुरू आहे. अडचण पुढे येते. मॉडेल बनते खास सॉफ्टवेअरमध्ये. पाणीपुरवठ्याचा अभियंता उघडतो क्यूजीआयएससारखे नकाशाचे सॉफ्टवेअर. नकाशाच्या नेहमीच्या रास्टर फाईलमध्ये एका ठिकाणी एकच आकडा मावतो. त्यामुळे रूपांतर करताना प्रत्येक थराचा माथा आणि तळ यांच्या वेगळ्या फाईल काढाव्या लागतात. तसे केले नाही, तर सीटी स्कॅनचे सगळे काप टाकून एकच एक्स-रे हाती ठेवल्यासारखे होते.

दुसरा धोका उंचीचा. थर समुद्रसपाटीपासून मोजला की जमिनीपासून, हे फाईलमध्ये लिहिलेले हवे. जीपीएसची मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत भारतात अनेक ठिकाणी ५० मीटरहून अधिक फरक पडतो. तो विसरला, तर बोअरवेल कागदावर एका थरात आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच थरात जाते.

हे काम जमणारे आहे. नेदरलँड्सच्या भूवैज्ञानिक संस्थेचे ‘जिओटॉप’ मॉडेल जमिनीचे १०० मीटर लांब-रुंद आणि अर्धा मीटर जाड ठोकळे करते. ते कुणालाही मोफत मिळते, आणि ठोकळ्यात कोणती माती असण्याची शक्यता किती, हेही त्यात नोंदवलेले असते.

आपल्याकडेही सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक मॉडेलच्या करारात तीन अटी असाव्यात: थरवार फाईल खुल्या स्वरूपात द्याव्यात, उंचीचा संदर्भ लिहावा आणि कुठे नोंदी विरळ असल्याने अंदाज आहे ते दाखवावे. वैद्यकशास्त्राने १९९३ मध्ये ‘डायकॉम’ हे समान स्वरूप ठरवले. म्हणून आज एका रुग्णालयातला स्कॅन दुसऱ्या रुग्णालयात उघडतो. भूजलाच्या माहितीलाही तीच शिस्त लागू करावी. पाण्याची तपासणी तरीही करावीच लागेल. पण बोअर कुठवर न्यायची, हे पैसे आणि वर्षे वाया जाण्याआधी कळेल.