मंत्राची हद्द

मंत्र खरा की खोटा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो असाच चालू राहण्यात मांत्रिकाचे हित आहे. कारण त्या गदारोळात खरा प्रश्न राहूनच जातो: हा मंत्र काय अडवतो, किती वेळ अडवतो, आणि काय अडवू शकत नाही?

अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. मेजाभोवती बसायचे, कोणी योद्धा व्हायचे, कोणी जादूगार. फाशांचे दान पडेल तशी लढाई. आपल्याकडील मुलेही आता तो खेळतात. वडीलधाऱ्यांनी नाक मुरडण्यापूर्वी त्याचे नियमपुस्तक चाळावे. त्यात ‘शील्ड’ नावाचा रक्षामंत्र आहे. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे तो जादूगाराची पुढची पाळी येईपर्यंतच टिकतो, बचाव ५ अंकांनी वाढवतो आणि एका जातीचे जादूचे बाण थोपवतो. आगीचा लोळ आला, तर तो कुचकामी! हे सारे आधीच छापलेले असते.

आपल्या पुराणांनाही ही शिस्त ठाऊक होती. हिरण्यकशिपूच्या वराला कलमे होती: ना दिवसा, ना रात्री, ना घरात, ना बाहेर. नरसिंहाने एकही कलम मोडले नाही. तो तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर आला.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी चालू असते, सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या असतात, राखणीसाठी कोणी शेतातच झोपतो. साप चावला की अजूनही काही जण आधी मांत्रिकाचे दार ठोठावतात. त्याच्या मंत्राची हद्द कोणती? तो सांगत नाही. माणूस वाचला तर मंत्र लागला. दगावला तर ‘उशीर झाला’, ‘पथ्य मोडले’, ‘घरात विटाळ होता’. यश मंत्राचे, अपयश रोग्याचे! असा नियम घेऊन कोणी खेळायला बसला, तर बारा वर्षांचे पोरही त्याला मेजावरून उठवील.

कोणी म्हणेल, ‘आमच्या डोळ्यांदेखत माणूस उठून बसला!’ बसला असेल. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. मांत्रिकाची कीर्ती या कोरड्या दंशांवर पोसली आहे. मण्यार मात्र रात्री झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. मांत्रिक ‘उतरले’ म्हणून सांगतो, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन आहे. त्यालाही हद्द आहे: ते रक्तात फिरणारे विष निकामी करते, झालेली इजा भरून काढीत नाही. डॉक्टर हे लपवीत नाहीत. म्हणूनच ते ‘लवकर आणा’ म्हणतात.

ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांची हत्या झाल्यावर, २०१३ मध्येच झाला. त्याने मंत्र म्हणण्यावर बंदी घातलेली नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा गुन्हा ठरवला. मांत्रिकाने जी हद्द कधी सांगितली नाही, ती कायद्याने आखून दिली.

दिवेलागणीला रामरक्षा अवश्य म्हणावी. मनाला धीर येतो. पण साप चावला तर जखम कापू नये, आवळून बांधू नये; हातपाय हलू न देता रोग्याला गाडीत घालावे. मंत्र हवा तर वाटेत म्हणा. वाट मात्र सरकारी दवाखान्याचीच धरा.