चोरासाठी पेठेला टाळे

पुस्तकाची चोरी ही चोरी नव्हेच, असे मानणारा एक मोठा सुशिक्षित वर्ग आपल्याकडे आहे. माझ्याच एका कादंबरीची पीडीएफ प्रत मला मोबाइलवर पाठवून ‘वाचलीत का? जरूर वाचा’ असे सुचविणारे एक सद्गृहस्थ त्याच वर्गातले. लेखकाचे नाव पहिल्या पानावर होते. ते पान त्यांनी ओलांडले असावे. तेव्हा इंटरनेटवरील चाचेगिरीविषयी मला कसलेही ममत्व नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ती रोखण्याच्या नावाखाली आधी दुकान बंद करायचे आणि विचारपूस मागाहून करायची, अशा जातीच्या कायद्यांना माझा ठाम विरोध आहे.

या जातीचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला. तिथल्या प्रतिनिधिगृहात लमार स्मिथ यांनी २६ ऑक्टोबर २०११ रोजी ‘स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट’ हे विधेयक मांडले. त्याचे लघुरूप ‘सोपा’. (नाव तेवढे सोपे!) सिनेटमध्ये त्याचे भावंड ‘पिपा’ त्याच वर्षीच्या मे महिन्यात दाखल झालेले होते. चोरीचा माल पुरविणारी परदेशी संकेतस्थळे हाताला लागत नाहीत, म्हणून मधल्यांचे हात पिरगाळायचे, असा एकूण बेत होता. सरकारने न्यायालयाचा आदेश आणला की इंटरनेट पुरविणाऱ्याने त्या संकेतस्थळाचा पत्ता बंद करायचा आणि शोधयंत्राने तो यादीतून काढायचा. पैशाची रसद तोडण्याला मात्र मूळ मसुद्यात न्यायालयाचीही गरज नव्हती. हक्कधारकाने एक पत्र धाडले की जाहिरात व कार्ड कंपन्यांनी पाच दिवसांत व्यवहार थांबवायचे.

या कलमापाशी माझ्यातला जुना बँक अधिकारी थबकला. आमच्या शाखेत अधूनमधून न्यायालयाचा जप्ती आदेश येई. खाते तत्काळ गोठे. खातेदाराचे धनादेश परत जात, मुलांची फी अडे, बाई काउंटरपाशी रडकुंडीला येत. आम्ही आदेश पाळत असू, कारण त्यावर न्यायालयाचा शिक्का असे. पण उद्या कुणी व्यापारी स्वतःच्याच लेटरहेडवर ‘समोरचा दुकानदार माझ्या मालाची नक्कल करतो, त्याचे खाते बंद करा’ असे लिहून घेऊन आला असता, तर आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. ‘सोपा’ने नेमके तेच लेटरहेड चालवून घेतले होते. समोरच्याला उलट पत्र पाठविण्याची मुभा होती, हे खरे. परंतु सद्भावनेने व्यवहार तोडणाऱ्या कंपनीला कायद्याचे संरक्षण, आणि न तोडणारीच्या मागे कोर्टकचेरी! अशा वेळी खुर्चीत बसलेला माणूस काय करतो, ते मी तीस वर्षे पाहिले आहे. तो तोडतो आणि जेवायला जातो.

ही नुसती भीती नव्हे. ‘दाजाझ वन’ हे हिप-हॉप संगीताचे अमेरिकी संकेतस्थळ तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे ‘सोपा’च्याही आधी, जप्त केले. वादातली गाणी संगीत व्यवसायातल्याच लोकांनी प्रसिद्धीसाठी पाठवली होती, असे चालकाचे म्हणणे. ते ऐकायला वर्ष लोटले. डिसेंबर २०११ मध्ये कोणताही आरोप न ठेवता पत्ता परत देण्यात आला. वर्षभर बंद राहिलेल्या दुकानाचे गिऱ्हाईक कोण परत आणणार?

१८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास अंधारात गेला. गूगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली आणि सत्तर लाखांवर सह्या गोळा केल्या. (त्यात त्यांचाही धंदा होताच, भाबडेपणा नको.) दोनच दिवसांत दोन्ही विधेयके लांबणीवर पडली, ती पुन्हा उभी राहिली नाहीत.

आपल्याकडे असे विधेयक आले नाही. पण ते काम आदेशांतून झाले. ‘कोलावेरी डी’ या गाण्यामुळे गाजलेल्या ‘३’ या चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा मे २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओसारखी अख्खी संकेतस्थळे बंद केली. फक्त नेमके पत्ते रोखावेत, असा खुलासा न्यायालयाला नंतर करावा लागला. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांपायी अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी निघाली, आणि तीत इंटरनेट आर्काइव्हही सापडले. हक्कमुदत संपलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तके जिथे कुणालाही फुकट वाचता येतात, ते हे ग्रंथालय. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

याउलट मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी नाकारली. संपूर्ण संकेतस्थळच बेकायदा आहे हे दाखवा, नाहीतर एकेक पत्ता तपासून आणा, असे त्यांनी निर्मात्यांना बजावले. निर्मात्यांनी तपासून आणले, आणि तेवढेच पत्ते बंद झाले. म्हणजे हे जमते.

शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक शहाणपणाची तरतूद आली आहे. लेखी तक्रार आली की मजकूर साठविणाऱ्याने तो एकवीस दिवस रोखायचा. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा सुरू करता येतो. उणीव एवढीच की ‘सुरू करता येतो’ असे लिहिले आहे, आणि खुर्चीतला तो माणूस तसदी घेणार नाही. तिथे ‘सुरू केलाच पाहिजे’ असे हवे. खोटी तक्रार करणाऱ्याकडून त्या एकवीस दिवसांची भरपाईही हवी.